मदत हवी आहे : डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा कोण सांभाळणार?

सोलापूरचा पूर्व भाग आणि विडी घरकुल (विडी कामगारांची वसाहत) इथल्या, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १४ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी पाठपुराव्याची घडी बसवायची आहे. सेवा नाहीत असं नाही. सिव्हिलची मानसोपचार ओपीडी आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आहे, शाळा आणि आशाताई आहेत. पण प्रत्येकाची वही वेगळी, आणि घरच्यांना तीच हकीकत चार ठिकाणी सांगावी लागते. तिसऱ्या खेपेला ते येतच नाहीत.

त्यात ओपीडी सकाळची. आई गेली की त्या दिवशीच्या विड्या बुडाल्या, बाप यंत्रमागाच्या पाळीवर. शिवाय आजी तेलुगूच बोलणार. मराठीतला फॉर्म तिच्यापुढे ठेवून काय उपयोग?

सध्याचा विचार असा : घरटी एकच समन्वयक, डिस्चार्जनंतर ४८ तासांत भेट, सातव्या दिवशी दुसरी. गोळ्या आठवड्यापुरत्याच आणि मोठ्या माणसाच्या ताब्यात. उंदराचं औषध, फिनेल घराबाहेर. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमकं तेव्हाच ‘फरक नाही’ म्हणून त्या बंद होतात, म्हणून दहाव्या दिवशी फोन.

अडतंय ते इथे : शाळेला किती सांगायचं, आणि त्याचं संमतिपत्र कसं लिहायचं? १८ खालच्यांसाठी पालकांची सही लागते, पण त्रास घरातूनच असेल तर? लैंगिक अत्याचार निघाला तर पोक्सोखाली (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, हे मुलाला आधीच कोणत्या शब्दांत सांगता? कोणाकडे चालू नमुना असेल तर कृपया पाठवा. तेलुगू किंवा कन्नडमधला असेल तर आधी तो.