मदत हवी आहे : उत्तर आयर्लंडची पाहुणी महिनाभर घरी राहणार आहे

नमस्कार.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आमच्या लहानशा शहरात काही चर्च एकत्र येऊन दर उन्हाळ्यात उत्तर आयर्लंडमधील एका गावातून १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना साधारण महिनाभरासाठी बोलावतात. गटात निम्मी मुले कॅथलिक आणि निम्मी प्रॉटेस्टंट असतात, दोन्ही समाजांतील एकेक तरुण मार्गदर्शक त्यांच्यासोबत येतो, आणि प्रत्येक पाहुण्याची सोय त्याच्याच वयाचे मूल असलेल्या घरी केली जाते. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चचे कॅनन (वरिष्ठ पाद्री) केरी वॉटरस्टोन आणि कनेक्टिकटमधील पाद्री स्टीफन जेकबसन यांनी १९७५ साली सुरू केलेल्या अल्स्टर प्रोजेक्टच्या धर्तीवर हे सारे चालते. यंदा एक यजमान कुटुंब ऐन वेळी मागे सरले आणि आमची मुलगी पंधरा वर्षांची असल्यामुळे आमच्याकडे विचारणा झाली. आम्ही ख्रिस्ती नाही हे समन्वयक बाईंना स्पष्ट सांगितले. त्यांची हरकत नाही. आम्ही होकार दिला आहे, मुलीने आपली खोली न सांगता आवरली आहे (उपक्रमाचे पहिले यश मी यालाच मानतो), आणि आता शंका सुचू लागल्या आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये राहिलेल्या किंवा असे यजमानपद निभावलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खाण्यापिण्याची मला फारशी काळजी नाही, आणि रविवारी तिला तिच्या पंथाच्या चर्चमध्ये कोण पोहोचवणार हेही ठरले आहे. माझी पहिली अडचण जुलै महिन्याची आहे. ४ जुलैला आमच्या शहरात ध्वज, बँड आणि ढोलांसह मोठी मिरवणूक निघते व आम्ही ती कधी चुकवत नाही. परंतु १६९० साली बॉइनच्या लढाईत प्रॉटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला, त्याच्या स्मरणार्थ उत्तर आयर्लंडमध्ये १२ जुलैला ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका निघतात आणि आदल्या रात्री प्रॉटेस्टंट वस्त्यांत प्रचंड होळ्या पेटवल्या जातात. जिच्या गावी ढोलांचा आवाज काही घरांत सणाचा आणि काही घरांत धसक्याचा असतो, त्या मुलीला आमच्या मिरवणुकीस न्यावे का? १२ तारखेला आम्ही आपणहून विषय काढावा की काढू नये? शेजाऱ्यांनी तिच्या स्वागतासाठी आयर्लंडचा तिरंगी ध्वज आणि हिरव्या तिपानांची तोरणे हौसेने आणून दिली आहेत, ती लावण्याविषयीही मनात किंतु आहे.

खरा प्रश्न याहून मोठा आहे. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणारा, या दोन समाजांना विभागणारा तीस वर्षांचा संघर्ष बहुतांशी थांबवला, आणि आता येणारी मुले तर करारानंतर जन्मलेली आहेत. तरीही राजधानी बेलफास्टमध्ये १९६९ पासून वस्त्यावस्त्यांमध्ये बांधल्या गेलेल्या ‘शांतता भिंती’ अजून उभ्या आहेत आणि बहुसंख्य मुले आपापल्या समाजाच्या शाळांत शिकतात. अशा ठिकाणाहून मुलांना महिनाभर बाहेर काढायचे, एकत्र हसवायचे-बोलवायचे आणि पुन्हा त्याच वस्तीत नेऊन सोडायचे, याने नेमके काय साधते? आणि दोन्हीकडचे नसलेल्या आमच्यासारख्या कुटुंबाने त्यात काय करणे अपेक्षित आहे?

प्रतिसाद :

मी बरीच वर्षे बेलफास्टमध्ये राहते. माझी मुले येथेच शिकली आणि त्यांच्या ओळखीतील काही जण अशा उपक्रमांतून जाऊन आले, त्यावरून लिहीत आहे.

तोरणे कृपया लावू नका. येथील कॅथलिक मुलगी बहुधा स्वतःला आयरिश म्हणवेल आणि प्रॉटेस्टंट मुलगी बहुधा ब्रिटिश. करारानुसार येथे जन्मलेल्या बहुतेकांना ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही पासपोर्ट घेता येतात. हिरव्या-पांढऱ्या-केशरी ध्वजाने एकीला घरचे वाटेल, तर दुसरीला आपण चुकीच्या दारात आलो असे वाटेल. अमेरिकेत आयर्लंड म्हटले की सगळे हिरवेच दिसते, त्याला शेजाऱ्यांचा इलाज नाही. पाहुणीचे नाव लिहिलेला साधा फलक पुरे. ‘तू कोणत्या बाजूची?’ असे मात्र तिला कधीही विचारू नका. येथे नाव, आडनाव, शाळा आणि खेळ यांवरून लोक आपसांत ते ताडतात, म्हणून थेट विचारणे फार उघडे वाटते.

४ जुलैला तिला खुशाल न्या. आधी एवढेच सांगा की ही मिरवणूक सगळ्या गावाची असते आणि यायचे नसेल तरी चालेल. १२ जुलैला तुम्ही काही बोलू नका, पण त्या दिवशी गटातील मुले एकत्र असतील असे काही ठरले आहे का, हे समन्वयक बाईंना विचारा. घरून फोनवर होळ्यांची आणि मिरवणुकांची छायाचित्रे येत राहतात. ती पाहून एखादी मुलगी खुलते आणि एखादी मिटते, आणि त्यावर मोकळेपणाने बोलायला तिला तुमच्यापेक्षा गटातील मुलेच बरी.

महिनाभरात काय साधते, याचे उत्तरही मला तेथेच दिसते. ही मुले एकाच गावातून येतात आणि तरी बहुतेकदा एकमेकांना ओळखत नाहीत. कॅथलिक शाळेत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे आयरिश खेळ, तर दुसऱ्या शाळेत रग्बी आणि हॉकी, त्यामुळे मैदानावरही गाठ पडत नाही. दोन्ही समाजांची मुले मुद्दाम एकत्र शिकवणारे लगन कॉलेज (ही माध्यमिक शाळा आहे) १९८१ साली अवघ्या २८ विद्यार्थ्यांनी सुरू झाले, परंतु आजही दहांतील एकाहून कमी मुले अशा शाळांत आहेत. म्हणजे दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या मुलीशी पहिल्यांदा मनमोकळे बोलण्यासाठी यांना समुद्र ओलांडावा लागतो. तुमच्या मुलीशी तिची मैत्री झाली तर आनंदच आहे, पण उपक्रमाचा हेतू पाहुण्या मुलांनी आपसांत मैत्री करावी हा आहे.

त्यामुळे आपल्याकडच्या पाहुणचाराचा सोस थोडा आवरावा लागेल. रोज नवे स्थळ दाखवण्यात तिचा वेळ गेला, तर गटासाठी तो उरणार नाही. आपल्या घरी दुसऱ्या समाजातील दोन-तीन मुलांना जेवायला बोलवा, पोहे करा, वरण-भात करा, आणि नंतर मोठ्यांनी उठून दुसऱ्या खोलीत जावे. कधी वाद झाला तर न्यायनिवाडा करू नका. ते काम मार्गदर्शकांचे आहे आणि त्यांना त्याची तयारी असते. तुम्ही दोन्हीकडचे नाही, हे मला येथे सोयीचेच वाटते, कारण तुमच्या देव्हाऱ्यापुढे दोन्ही समाजांच्या मुली सारख्याच अनोळखी असतील.

परत गेल्यावर काही मैत्र्या विरतात, हे खरे आहे. टिकतात त्या बहुधा गावी भेटण्याची जागा आधी ठरलेली असते म्हणून. परतीनंतर गटाला एकत्र कोण बोलावणार आहे आणि कोठे, हे समन्वयक बाईंना आताच विचारून ठेवा. त्यांच्याकडे ठोस उत्तर नसेल, तर यजमान कुटुंबांनी मिळून त्याचा आग्रह धरावा.