हास्केल: फिल्टर नेमका कुठला? मदत हवी आहे

मंडळी, हास्केल ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकतोय. डेटा.मॅप हे किल्ली-मूल्य जोड्यांचं मॉड्यूल अख्खं इम्पोर्ट केलं आणि फिल्टर लिहिताच कंपायलर अडून बसला: प्रील्यूडमधलं (हे मूळ मॉड्यूल आपोआप येतं) की डेटा.मॅपमधलं? हायडिंगने फिल्टर वगळलं, तर लुकअपवरून तेच भांडण. मग क्वालिफाइड इम्पोर्ट करून (म्हणजे प्रत्येक नावाआधी मॉड्यूलचं नाव लावायचं) 'एम' हे टोपणनाव दिलं, एम.फिल्टर चाललं. पण टाइप सिग्नेचरमध्ये, म्हणजे फंक्शनचा टाइप सांगणाऱ्या ओळीत, सारखं एम.मॅप डोळ्यांना खुपतं. म्हणून त्याच मॉड्यूलची आणखी एक इम्पोर्ट ओळ टाकली, कंसात फक्त मॅप हा टाइप. चाललं की! ही रूढ रीत आहे की माझा जुगाड?

आणि खरं कोडं हे: दुसरं एक मॉड्यूल रिकाम्या कंसाने इम्पोर्ट केलं, एकही नाव घेतलं नाही, तरी त्यातले इन्स्टन्स (एखाद्या टाइपसाठी टाइपक्लासची फंक्शन्स पुरवणाऱ्या व्याख्या) आलेच. असं का? ते अडवता येतात का?