मदत हवी आहे: मुळ्याचे बी टप्प्याटप्प्याने कधी पेरावे?

एकदम सगळे बी न टाकता मी मुळा थोडा थोडा पेरतो. थंडी सुरू होताना पेरलेला छान पोसतो, पण उन्हं तापू लागल्यावर पेरलेल्याला नुसता पाला येतो, मुळा बारीक आणि भलताच तिखट राहतो. १५ ते २० अंश तापमान मुळ्याला मानवतं, हे माहीत आहे. दिवस मोठा झाला की डेंगळे (फुलांचे दांडे) लवकर येतात आणि मुळा आतून पोकळ होतो, हेही खरं. मग शेवटची पेरणी नेमकी कधी थांबवावी? उष्णता सोसणारी जात घेतली तर वजन खरंच मिळतं का? की विरळणी आणि पाणी सांभाळून उशिराची पेरणीही साधते? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, पुढचं बी त्यावरच ठरवायचं आहे.