मदत हवी आहे: लोंबणाऱ्या सक्युलंटच्या (पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाच्या) माळा गळतायत, खत कुठलं घालू?

परडीवाली, राजारामपुरी, कोल्हापूर
काल परत दोन माळा देठासकट हातात आल्या. खाली लोंबतंय ते हिरवं, वर कुंडीच्या तोंडाशी मात्र टक्कल. पानं सुरकुतली म्हणून रोज थोडं थोडं पाणी घालतेय, तरी भरत नाहीत. कुठलं खत घालू? लवकर सांगा.

खुरपं
झाड कुठलं ते तर सांगा. वाटाण्यासारखे गोल मणी, जाड वेणी की पत्त्यांतल्या बदामासारखी पानं? कुंडीला भोक आहे का? टांगलंय कुठं?

परडीवाली
मण्यांचं. खिडकीत आहे. खताचं बोला ना.

ताकपाणी
आंबट ताक एकास दहा पाण्यात, आठवड्यातून एकदा. कुठलंही झाड तरारतं.

खुरपं
ताक कढीपत्त्याला घाला. इथं बुरशी आणि चिलटं दोन्ही येतील.

ताई, मणी दोन कारणांनी सुरकुततात. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली असूनही सुरकुतले असतील तर मुळं कुजलीत. पाणी आहे, पण ओढायला कोणी नाही. अशा वेळी वरून पाणी घालणं म्हणजे उरलेली मुळंही घालवणं. मातीत बोट दोन पेरं घालून बघा.

परडीवाली
ओली आहे. चिकट.

साचेवाला
माती बदला. शिरोलीकडं फौंड्रीची (धातू ओतायच्या कारखान्याची) टाकाऊ वाळू मिळते, निम्मी ती घाला.

कच-चाळणी
अहो नको! साच्याच्या वाळूत बेंटोनाइट (चिकट चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी असते. साचा धरून राहावा म्हणूनच बेंटोनाइट घालतात. कुंडीत भिजली की घट्ट बसणार, हवा बंद. खडी क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) घ्या, त्यातलं दगडाचं पीठ चाळून टाका, 3 ते 5 मिमीचे कण ठेवा, धुवा. दोन भाग कच, एक भाग विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). बास.

साचेवाला
रेझिनच्या (चिकटवणाऱ्या रसायनाच्या) वाळूत बेंटोनाइट नसतं.

कच-चाळणी
रेझिन असतं. ते खायला घालायचं का झाडाला?

परडीवाली
आत्ता उचलून बघितलं. बाहेरची चिनी मातीची कुंडी, तिला भोक नाही. आत नर्सरीची प्लास्टिकची. तळाला दोन बोटं पाणी साठलंय, वास येतोय.

खुरपं
हे पहिल्यांदाच सांगायचं की हो!

आता जुनं झाड वाचवत बसू नका. हिरव्या, टणक माळांचे बोटभर लांबीचे तुकडे कापा. काप आतून तपकिरी दिसला तर हिरवा लागेपर्यंत मागं या. मऊ, पाणचट मणी असलेला भाग फेका. तुकडे सावलीत दोन दिवस वाळवा, या पावसात तीन. चार इंची, उथळ मातीची कुंडी घ्या. मुळं वरच्या थरातच पसरतात, खोल कुंडीत खालची माती नुसती ओली राहते. तुकडे पुरू नका, वेटोळं करून मातीवर आडवे ठेवा आणि केसांच्या आकड्यानं दाबा. मण्याच्या देठापाशी जिथं माती लागते तिथून मुळं फुटतात, साधारण दोन ते चार आठवड्यांत. तोवर तीन दिवसांनी फवारा. नंतर मणी दाबून मऊ लागला तरच पाणी.

खिडकीचा कोणता भाग? वर चौकटीला टांगली असेल तर माळांना ऊन मिळतं, कुंडीच्या तोंडाला नाही. टक्कल त्यामुळंही पडतं. सकाळचं ऊन दोन तास वरून पडेल इतकी खाली घ्या.

कच-चाळणी
प्रत्येक मण्यावर एक पारदर्शक रेघ असते बघा. उजेड तिथून आत शिरतो. मांजर असेल तर मात्र उंचच ठेवा, मणी विषारी.

सडा-पठार
बदामी पानांचीच माळ लावा की. ती आपल्या डोंगरावरच्या रानटी खर्चुडीची भावकी. दोन्ही सेरोपेजिया या एकाच वंशातल्या, कंद धरतात, म्हणून तहान जास्त सोसतात.

साचेवाला
खर्चुडीचे कंद खातात म्हणे?

सडा-पठार
खातात, म्हणूनच डोंगरावर कमी झाली. उपटू नका.

ताकपाणी
ताकाचा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही.

परडीवाली
सहा तुकडे निघाले. लगेच लावले, वाटीभर पाणी घातलं. चाललं ना?

खुरपं
काढा बाहेर. वाळत घाला.