फ्लॅटमध्ये वर्षाचा शाळू कसा टिकवायचा? सासूबाईंची पद्धत इथे लागू पडेना

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही तासगावकडच्या गावातून सांगलीत विश्रामबागला आलो. २०१९ चा पूर पाहिल्यावर तळमजला नकोच होता, म्हणून दुसरा मजला घेतला. घरच्या रानातला शाळू (रब्बी ज्वारी) आणि गहू मिळून तीन पोती येतात. ती वर्षभर नीट राहावीत ही सासूबाईंची इच्छा, आणि माझीही.

गावी त्या वैशाखात चार दिवस अंगणात कडक ऊन द्यायच्या. मग धान्य रात्रभर निववायचं, कारण गरम भरलं की आत घाम सुटतो. शेणामातीनं लिंपलेली कणगी (धान्य साठवायची विणलेली मोठी टोपली), तळाला नि मधे मधे कडुनिंबाचा वाळका पाला. मटकी-हुलगा चुलीच्या चाळलेल्या राखेत, तूरडाळीला एरंडेलाचा हात. दिवाळीपर्यंत एक टोका (धान्यातला किडा) दिसायचा नाही.

मी इथे पाला घातला, पत्र्याची टाकी घट्ट लावली. श्रावणात झाकण उघडलं तर वर पोरकिडे, तळाला पीठ. दीड पोतं शाळू गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आता चुका कळतात. बाल्कनीत ऊन सकाळी दोनच तास, म्हणजे धान्य पुरतं वाळलंच नव्हतं. पाला हिरवट होता. टाकी पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेली. शिवाय सोंडे किडे दाण्याच्या आतच अंडी घालतात, त्यामुळे कीड बहुधा पोत्यातूनच आली. खरं काम ऊन करायचं, पाला नुसता जोडीला होता.

माझा गोंधळ असा. कणगीला वारा लागतो. उलट आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत) हळद वर्षानुवर्षे राहायची ती हवा कोंडल्यामुळे. आत जीव गुदमरेल म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. (२००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली.) मग फ्लॅटमध्ये पेवाची वाट धरावी का? लहान लहान डबे काठोकाठ भरून, झाकण पक्कं बंद करून, एकेक संपेपर्यंत दुसरा उघडायचाच नाही. असं कुणी केलंय का? पावसाळ्यात ओल धरली का?

सोसायटीची गच्ची चार दिवस मिळेल, पण कबुतरं फार आहेत. पातळ सुती साडी पसरून झाकलं तर ऊन पुरेसं लागेल का? गॅसमुळे घरात राख नाही. गोवऱ्यांची राख डाळींना चालते का?

दुकानदारानं धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या सुचवल्या होत्या. त्यांचा वायू बंद घरात माणसाच्या जिवावर बेततो, आणि घरात दोन लहान मुलं आहेत. त्या कृपया सुचवू नका.

यंदाचा शाळू मळून झालाय, पोती पुढच्या आठवड्यात येतील. लवकर सांगा.