बाबांच्या तीन सेलच्या बॅटरीत पॉवरफुल एलईडी बसवायचाय, दीड हजारात जमंल काय?

जांबोटीचा_गडी
नमस्कार मंडळी. जांबोटी साइडला आमचं शेत हाय, भात आणि थोडा ऊस. थ्री-फेज रात्रीचं येतंय त्यामुळं मोटर चालू करायला अकरा-बाराला जायलाच लागतंय, वर गवे उसात शिरतात ते वेगळंच. बाजारातल्या चार्जिंगच्या बॅटऱ्या दोन वर्षांत दोन झाल्या, एक पहिल्याच पावसात गेली. म्हणून बाबांची जुनी स्टीलची तीन सेलची बॅटरी काढली, लॅपटॉपच्या पॅकमधला १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियमचा) घातला आणि एक्सएम-एल२ एलईडी डायरेक्ट जोडला. काय उजेड पडला म्हणून सांगू, काजूच्या बागेतलं पान न् पान दिसालतं. पण मिनिटभरच. मग उजेड निळा पडत गेला, जळका वास आला, उघडून बघतोय तर एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यावर काळा डाग. बजेट १५०० हाय आणि बॅटरी बाबांचीच वापरायची हाय, त्यांनी तीस वर्षं वापरलेली, दुसरी बॉडी नको. ९९०० एमएएचवाला १८६५० घेतला तर चालंल काय?

सोल्डर_निपाणी
भावा ९९०० एमएएचचा १८६५० जगात नाही, चांगल्यातला चांगला ३५०० च्या आसपास, त्यामुळं तो आकडा दिसला की पुढं जा. आणि तुझा एलईडी सेलमुळं नाही, उष्णतेनं मेला. मधे ड्रायव्हर, म्हणजे करंट आवरणारं छोटं सर्किट, नाही म्हणजे त्यानं हवा तेवढा करंट ओढला, आणि पत्र्याच्या बॉडीत ती धग जायला वाटच नाही. पिवळा थर जळाला की खालचा निळा उजेड तसाच बाहेर येतो, तेच तू बघितलंस.

आता माझं ऐक, तुझ्या त्या बॉडीला १८६५० बसवूच नको. जुना मोठा सेल साधारण ३३ मिलिमीटर जाड, आणि ३२७०० नावाचा लिथियम फॉस्फेट सेल मिळतोय, सोलर लाइटवाले वापरतात तो, ३२ मिलिमीटर जाड नि ७० लांब. बरोबर बसतोय. एक ३.२ व्होल्ट, ६००० एमएएच. दोन सिरीजमध्ये घाल, ६.४ व्होल्ट झाले, आणि एलईडीला २.५ अँपिअरचा बक ड्रायव्हर (व्होल्टेज कमी करून देणारा) लाव. सिरीजच का सांगालोय तर तुझ्या बॅटरीचा तो सरकवायचा स्विच. आत पितळेची पातळ पट्टी असते, जुना बल्ब जेमतेम अर्धा अँपिअर खायचा. एका सेलवर अडीच-तीन अँपिअर त्यातनं नेलास तर पट्टी तापणार. दोन सेलवर तेवढ्याच उजेडाला दीड अँपिअर पुरतोय, पट्टी घासून स्वच्छ कर आणि मागच्या स्प्रिंगला आतनं तांब्याची वायर सोल्डर कर, बस्स. चार तास आरामात चालेल, रात्रभराच्या पाण्याला मधे मधे पेटवायला भरपूर.

एलईडी तांब्याच्या स्टारवर, म्हणजे खालच्या चकतीवर, बसवलेलाच माग, ॲल्युमिनियमचा स्वस्त पडतो पण घेऊ नको. माझं सगळं मिळून अकराशेत बसलं, सेल धरून.

लेथ_उद्यमबाग
वरच्यांनी सांगितलं ते पटतंय, फक्त उष्णतेचं पुढं सांगतो. तीन जुने सेल म्हणजे साडेअठरा सेंटिमीटर, हे दोन म्हणजे चौदा. वरची चार-साडेचार सेंटिमीटर जागा मोकळी राहते, तिथं ॲल्युमिनियमचा गट्टू घाल. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर स्क्रॅपच्या रॉडमधनं वळवून देतात. नळीत दाबून बसला पाहिजे, हलला तर उष्णता जाणार नाही. मागनं पोकळ ठेव, ड्रायव्हर त्यात. वरच्या तोंडावर थर्मल पेस्टचा पातळ हात आणि त्यावर एलईडी.

एक गोष्ट लोक विसरतात. जुना रिफ्लेक्टर बल्बसाठी केलेला, एलईडी थोडा खाली राहिला तरी भिंतीवर मधोमध काळं भोक दिसतं. गट्टू किंचित लांब ठेवून आण, मग अर्धा-अर्धा मिलिमीटर घासत भिंतीवर बघत बस, भोक मिटून मधला ठिपका कडक झाला की थांब. रिफ्लेक्टर आणि एलईडीच्या सोल्डरमधे फायबरचा वायसर घालायलाच पाहिजे, नाहीतर शॉर्ट.

बांधावरची_ताई
मी ह्यातलं जास्त जाणत नाही पण रात्री पाणी पाजायला मीही जाते म्हणून लिहालोय. लांबचा फोकस गव्यासाठी ठीक, पायाखाली मात्र त्या उजेडात काही दिसत नाही. आमच्यात बांधावर घोणस असते, मातीच्याच रंगाची, पांढऱ्याफटक उजेडात पाचोळ्यात ओळखूच येत नाही. एलईडी ४५०० केल्विनच्या आसपासचा घे, पिवळसर, आणि जवळच्यासाठी डोक्याला बांधायची एक छोटी वेगळी ठेव. गुडघ्याएवढे बूटही घाला बाबा. आणि गवा दिसला तर लांबनंच, त्याच्या अंगावर फोकस मारत पुढं जाऊ नकोस.

जांबोटीचा_गडी
ताई, मी आजवर चपलेवरच जात होतो. बूट ह्याच आठवड्यात. सोल्डर दादा, घरात ४.२ व्होल्टचं छोटं चार्जिंग मॉड्यूल हाय, त्यावर चालतील काय हे सेल?

सोल्डर_निपाणी
अजिबात नको. फॉस्फेटचा सेल ३.६५ वर थांबतो, ४.२ दिलास तर फुगून जाईल. फॉस्फेटचाच चार्जर घे आणि एकेक सेल बाहेर काढून चार्ज कर. घालताना दोन्ही सारखे भरलेले पाहिजेत, मल्टिमीटर लावून बघ, एक भरलेला एक रिकामा असं कधी नाही.

जांबोटीचा_गडी
समजलं. सेल आणि ड्रायव्हर आजच मागवतो. लेथवाले काका, शनिवारी बाबांची बॅटरी घेऊन उद्यमबागेत येतो, नळीचं आतलं माप तुम्हीच घ्या.