मदत हवी आहे : दोन भाषांच्या मुलांसाठी पुस्तकं कशी निवडू?

नमस्कार मंडळी. मी ग्रंथालयशास्त्र शिकतेय आणि सध्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात इंटर्नशिप करतेय. शनिवारचा गोष्टीचा तास माझ्याकडे आहे. बरीच मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा कन्नड माध्यमाची. गोष्ट ऐकताना डोळे चमकतात, पण स्वतः वाचायला घेतली की पहिल्याच जोडाक्षरावर बोट अडतं.

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी दोन्ही भाषांत मोफत मिळतात, छापायलाही परवानगी आहे. मराठी पान डावीकडे, कन्नड उजवीकडे अशी पुस्तकं शिवली, तर मुलं एकमेकांना वाचून दाखवायला लागली! मला तर हेच खरं वाचनालय वाटतं.

अडचण मोठ्या मुलांची आहे. तिथल्या गोष्टी वाचनाच्या सोप्या-अवघड पातळ्यांत विभागलेल्या असतात; पातळी 1 ची गोष्ट सहावीतल्या मुलाला बाळबोध वाटते, 3 ची झेपत नाही. वाक्यं सोपी, पण विषय त्यांच्या वयाचा, अशी मराठी पुस्तकं सुचवाल का?

शिवाय कपाट भाषेनुसार लावू की पातळीनुसार रंगीत पट्ट्या लावून? ड्यूई वर्गांक (विषयानुसार पुस्तकावर घातलेला आकडा) बघून मुलं पुस्तक शोधत नाहीत, हे नक्की. निपाणी, चिकोडी, बेळगावकडे कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.